कुलूप लावल्याने संस्था बंद होत नाही

निष्क्रिय क्रीडा मंडळे, चर्चामंडळे आणि छंदगट यांचे रीतसर विसर्जन कसे करावे, उरलेल्या पैशाचे व साहित्याचे काय होते, कायदा काय सांगतो, याविषयी...

कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखाद्या गावात मंडळाची खोली कोठे आहे असे विचारले, तर ती दाखवणारा माणूस लगेच भेटतो. खोलीची किल्ली कोणाकडे आहे, हे सांगणारा मात्र सहज सापडत नाही. आत कॅरमचे दोन बोर्ड, बुद्धिबळाचा डबा, चषकांचे कपाट आणि टेबलाच्या खणात जुनी पावतीपुस्तके असतात. शेवटची सभा केव्हा झाली, हे इतिवृत्ताची वही उघडल्याखेरीज कोणालाच सांगता येत नाही. अध्यक्ष मुलाकडे ठाण्याला राहायला गेलेले असतात, चिटणीस निवर्तलेले असतात आणि खजिनदारांना आपण अजून खजिनदार आहोत याचाच विसर पडलेला असतो. गावाच्या दृष्टीने मंडळ केव्हाच संपले आहे. कायद्याच्या दृष्टीने ते अद्याप जिवंत आहे.

या दोन दृष्टींमधले अंतर पुढे महागात पडते. बँकेतील शिल्लक अडकून राहते, जागेवर हक्क कोणाचा यावरून कुरबुरी सुरू होतात आणि ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सद्भावनेने कागदावर सही केली, त्यांच्या नावावर जबाबदारी तशीच राहते. नव्या मुलांना तीच खोली, तेच साहित्य वापरायचे असते. पण देणारा अधिकृत माणूस नसतो. संस्था स्थापन करण्याची माहिती देणारी पुस्तके पुष्कळ आहेत. ती बंद कशी करावी, याची माहिती मात्र क्वचितच एकत्र मिळते.

मंडळे थंडावतात कशी?

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील, समुद्रकिनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. रेल्वे १८५६ मध्येच खोपोलीपर्यंत पोहोचली. १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीत सुरू झाले. त्यामुळे शेती, कारखाना आणि मुंबईची नोकरी असे तिन्ही प्रकारचे जीवन येथे शेजारी-शेजारी नांदले. एकत्र येऊन संस्था उभारण्याची परंपराही जुनी आहे. माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल यांनी १९४३ मध्ये सिद्धगडावर प्राण ठेवण्यापूर्वी कर्जत तालुक्यातील गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या चालवल्या होत्या.

तथापि ज्या रेल्वेने या भागाला मुंबईशी जोडले, तिनेच येथील संध्याकाळ लहान केली. कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. लोकलने जाताना सुमारे दोन तास आणि येताना तितकेच लागत असतील, तर संध्याकाळी सातच्या सभेला कोण येणार? काही वर्षे माणसे रविवारी जमतात. पुढे तीही कल्याण, बदलापूर, नवी मुंबई किंवा पुण्याकडे स्थलांतरित होतात. मंडळात भांडण झालेले नसते, गैरव्यवहार झालेला नसतो, कोणी राजीनामाही दिलेला नसतो. एकेक माणूस यायचे थांबतो, एवढेच.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. बहुतेक लहान मंडळे एका माणसाच्या खांद्यावर उभी असतात. सभेची सूचना काढणारा, वाद मिटवणारा, वर्गणीसाठी दारोदार फिरणारा आणि वेळेवर हिशेब तपासून घेणारा तो एकच. हा माणूस बाजूला झाला, की पन्नास सदस्यांचे मंडळही महिन्याभरात गप्प होते.

आपले मंडळ कोणत्या प्रकारचे?

विसर्जनाचा विचार करताना पहिला प्रश्न नोंदणीचा. कपाटात नोंदणीचे प्रमाणपत्र असेल, तर ते नीट वाचावे. साधारणपणे तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेल्या संस्थेचा. हा ब्रिटिश काळातील केंद्रीय कायदा असून साहित्य, शास्त्र, ललित कला, उपयुक्त ज्ञानाचा प्रसार आणि धर्मादाय कार्य यांसाठी एकत्र येणाऱ्यांना कायदेशीर स्थान देण्याकरिता तो करण्यात आला. किमान सात व्यक्ती त्याखाली संस्था स्थापन करू शकतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची दुसरी नोंदणीही असते. धर्मादाय हेतूने स्थापन झालेली नोंदणीकृत संस्था ही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार सार्वजनिक न्यासही ठरते. या कायद्याचे पूर्वीचे नाव मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम असे होते. त्यामुळे एकाच मंडळाला दोन नोंदणी क्रमांक असतात आणि न्यासाचा क्रमांक बहुधा 'एफ' या अक्षराने सुरू होतो.

खेळाचे मंडळ धर्मादाय कसे, अशी शंका अनेकांना येते. या अधिनियमाच्या कलम ९ मध्ये गरिबीनिवारण, शिक्षण आणि वैद्यकीय मदत यांच्या जोडीला करमणुकीच्या व फावल्या वेळेच्या सोयी पुरवणे हाही धर्मादाय हेतू मानला आहे. त्या सोयी समाजकल्याणासाठी आणि लोकांच्या हितासाठी असाव्यात, एवढीच अट आहे. म्हणजे कॅरमचा बोर्डही या अर्थाने सार्वजनिक मालमत्ता असतो.

दुसरा प्रकार सहकारी संस्थेचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली संस्था सदस्यांच्या ठरावाने परस्पर बंद होत नाही. कलम १०२ नुसार निबंधक अवसायनाचा आदेश देतात आणि अवसायक नेमून देणी-घेणी मिटवली जातात. संस्थेने कामकाज सुरूच केले नसेल किंवा थांबवले असेल, तर निबंधक स्वतःहूनही असा आदेश देऊ शकतात.

तिसरा प्रकार नोंदणीच न झालेल्या मंडळांचा. उत्सवापुरती वर्गणी गोळा करण्यासाठी कलम ४१ क खाली घेतलेली परवानगी म्हणजे मंडळाची नोंदणी नव्हे. ती तेवढ्या कामापुरती असते आणि जमलेल्या पैशाचा हिशेब देण्याचे बंधन तिच्यासोबत येते. अशा गटांविषयी पुढे पाहू.

झोपलेली की संपलेली?

बंद करण्यापूर्वी एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारणे आवश्यक आहे. संस्था खरोखर संपली आहे, की तिला फक्त चालवणारे हात नाहीत? जुने सदस्य थकले असतील, पण गावात खेळणारी मुले असतील, तर विसर्जनापेक्षा नव्या माणसांना सदस्य करून घेऊन निवडणूक घेणे सोपे आणि स्वस्त पडते.

दुसरा पर्याय विलीनीकरणाचा. शेजारच्या गावातील मंडळ चालू असेल किंवा त्याच गावातील वाचनालयाला खेळाचा विभाग सुरू करायचा असेल, तर १८६० च्या कायद्यातील कलम १२ उपयोगी पडते. संस्थेचा हेतू बदलणे किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन होणे, या दोन्ही गोष्टी त्यातून साधतात. कार्यकारी मंडळाने तसा लेखी प्रस्ताव सदस्यांना द्यावा लागतो. विशेष सभेची सूचना दहा दिवस आधी पोहोचावी लागते. तीन पंचमांश मतांनी प्रस्ताव संमत झाला, की एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तितक्याच मतांनी त्यावर शिक्कामोर्तब करावे लागते. दोनदा विचार करण्याची ही सोय कायद्याने जाणीवपूर्वक ठेवलेली दिसते.

गावात दुसरे मंडळ नाही, खेळणारे नाहीत, जागा पडली आहे आणि पदभार घ्यायला कोणी तयार नाही, अशी स्थिती असेल, तर मात्र विसर्जन हाच सरळ मार्ग होय. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

तीन पंचमांशांचा हिशेब

विसर्जनाची तरतूद १८६० च्या कायद्यातील कलम १३ मध्ये आहे. त्यासाठी मुद्दाम बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत संस्थेच्या एकूण सदस्यांपैकी किमान तीन पंचमांश सदस्यांनी विसर्जनाच्या बाजूने मत द्यावे लागते. मत प्रत्यक्ष हजर राहून किंवा प्रतिनिधीमार्फत देता येते. कोकणातल्या गावातील सदस्य मुंबई-पुण्यात विखुरलेले असताना ही दुसरी सोय फार मोलाची आहे.

येथे अनेकांची गल्लत होते. तीन पंचमांश हे हजर असलेल्यांपैकी नव्हे, तर एकूण सदस्यांपैकी मोजायचे आहेत. समजा, मंडळाचे साठ सदस्य आहेत. सभेला चाळीस आले आणि तीस जणांनी विसर्जनाला मत दिले. हजर असलेल्यांच्या मानाने ही मते भरघोस आहेत. परंतु संस्था विसर्जित झाली नाही, कारण साठाचे तीन पंचमांश म्हणजे छत्तीस मते हवीत.

मग साठ सदस्य नेमके कोण? इथे निष्क्रिय मंडळांची खरी अडचण सुरू होते. कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि सदस्य म्हणून त्याची गणनाही होत नाही. दहा वर्षे कोणीच वर्गणी भरली नसेल, तर मंडळ बंद करण्याचा ठराव करायलाही पात्र सदस्य उरत नाहीत. नियमावलीत वार्षिक वर्गणीच नसेल किंवा सगळे आजीव सदस्य असतील, तर हा पेच उद्भवत नाही. अन्यथा सभा बोलावण्यापूर्वी इच्छुक सदस्यांनी थकबाकी भरून पावती घेणे हा साधा उपाय आहे. बंद होणाऱ्या मंडळाला वर्गणी देणे विचित्र वाटेल. पण ती पावती हाच मताधिकाराचा पुरावा असतो.

सदस्यांची यादी अद्ययावत करताना मृत आणि राजीनामा दिलेल्या व्यक्तींची नावे वेगळी काढावीत. विरोध करतील अशी शंका असलेल्यांची नावे सोयीने गाळणे हा मात्र पुढील वादाचा हमखास पाया. प्रत्येकाच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर सूचना पाठवावी, पाठवल्याची पोच जपावी आणि सभेच्या विषयपत्रिकेवर 'संस्थेचे विसर्जन' असे स्पष्ट शब्द लिहावेत. 'आयत्या वेळचे विषय' या सदरात संस्था बंद करता येत नाही.

शासन स्वतः संस्थेचे सदस्य असेल किंवा त्याने संस्थेला आर्थिक साहाय्य दिले असेल, तर राज्य शासनाच्या संमतीशिवाय विसर्जन होत नाही, हेही कलम १३ मध्येच नमूद आहे. व्यायामशाळेसाठी किंवा साहित्यासाठी अनुदान घेतलेल्या मंडळांनी जुन्या फायली म्हणूनच आधी तपासाव्यात. कार्यकारी मंडळात किंवा सदस्यांत वाद उत्पन्न झाला, तर तो संस्थेची मुख्य इमारत ज्या जिल्ह्यात आहे तेथील प्रमुख दिवाणी न्यायालयाकडे जातो. कर्जत-खालापूरच्या बाबतीत याचा अर्थ अलिबाग.

उरलेले वाटून घेता येत नाही

ठराव झाला, की आधी देणी फेडावीत. विजेचे बिल, घरपट्टी, हिशेब तपासनिसाचे शुल्क आणि कोणी हातउसने दिले असेल तर तेही त्यात आले. त्यानंतर काही उरले, तर सदस्यांना स्वाभाविकपणे वाटते की, वर्गणी आपण भरली, मेहनत आपण केली, तेव्हा शिल्लक आपल्यात वाटून घ्यावी.

कलम १४ ने याला स्पष्ट मनाई केली आहे. देणी फेडल्यावर उरलेली कोणतीही मालमत्ता सदस्यांना किंवा त्यांच्यापैकी कोणालाही देता येत नाही. ती दुसऱ्या एखाद्या संस्थेलाच द्यावी लागते. कोणत्या संस्थेला, हे विसर्जनाच्या वेळी हजर असलेल्या सदस्यांनी तीन पंचमांश मतांनी ठरवायचे असते. येथे गणना हजर असलेल्यांची, हा फरक लक्षात ठेवावा. ते ठरले नाही, तर न्यायालय ठरवते.

या तरतुदीमागील तत्त्व सरळ आहे. वर्गणी आणि देणग्या देणाऱ्यांनी पैसा गावातील मुलांच्या खेळासाठी दिला होता. तो देणारा दुकानदार, शिक्षक किंवा गिरणीतला कामगार आज सभेला हजर नसतो. त्याच्या अनुपस्थितीत त्याची इच्छा जपण्याचे काम कायदा करतो. म्हणून शिल्लक रक्कम जवळच्या शाळेच्या क्रीडा विभागाकडे, सार्वजनिक वाचनालयाकडे किंवा चालू असलेल्या मंडळाकडे सोपवणे योग्य. घेणारी संस्था नोंदणीकृत असल्याची खात्री करावी आणि तिच्याकडून लेखी पोच घ्यावी.

आयकराची धर्मादाय सवलत घेतलेल्या संस्थांना आणखी एक मर्यादा आहे. २०१६ मध्ये आलेल्या तरतुदीनुसार विसर्जन ज्या महिन्यात झाले, त्या महिन्याच्या अखेरीपासून बारा महिन्यांच्या आत सर्व मालमत्ता तशाच नोंदणीकृत संस्थेकडे वर्ग झाली नाही, तर साठलेल्या मालमत्तेवर कर भरावा लागतो.

अलिबागची वाट

सभेचा ठराव हा अर्धा प्रवास झाला. सार्वजनिक न्यास म्हणून असलेली दुसरी नोंदणी धर्मादाय कार्यालयाच्या आदेशाशिवाय संपत नाही. रायगड जिल्ह्याचे सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय अलिबाग येथे आहे. कर्जत किंवा खोपोलीहून तेथे रेल्वे जात नाही. पूर्ण दिवस मोडावा लागतो, म्हणून कागद अपुरे नेऊन चालत नाही. अनेक अर्ज आता धर्मादाय संघटनेच्या संकेतस्थळावरूनही भरता येतात. अर्जात 'कर्जत' या नावापुढे 'जिल्हा रायगड' असे आवर्जून लिहावे. अहिल्यानगर जिल्ह्यातही याच नावाचा तालुका आहे.

न्यासाची नोंदणी रद्द करण्याची स्पष्ट तरतूद २०१७ मधील दुरुस्तीने कलम २२ मध्ये आली. हेतू पूर्णपणे साध्य झाला असेल, तो बेकायदेशीर ठरला असेल, मालमत्ता नष्ट झाल्याने किंवा अन्य कारणाने तो साध्य होणे अशक्य झाले असेल, तर चौकशी करून उपायुक्त किंवा सहायक धर्मादाय आयुक्त नोंदणी रद्द करू शकतात. विश्वस्त न्यासाच्या हेतूविरुद्ध वागत असल्याचे आढळल्यासही हे पाऊल उचलता येते. मात्र त्यापूर्वी विश्वस्तांना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. या दुरुस्तीनंतर राज्यभर निष्क्रिय संस्था शोधून त्यांची नोंदणी रद्द करण्याची मोहीम धर्मादाय कार्यालयांनी हाती घेतली.

स्वतःहून बंद होणे आणि कार्यालयाने नोंदणी रद्द करणे यांत मोठा फरक आहे. कार्यालयाने नोंदणी रद्द केली, तर न्यासाच्या मालमत्तेचे व्यवस्थापन ते आपल्या हाती घेऊ शकते. प्रसंगी तिची विक्री होऊन रक्कम सार्वजनिक न्यास प्रशासन निधीत जमा होते. गावाने उभारलेला पैसा अशा वेळी गावाच्या हाती राहत नाही. वेळेवर सभा घेणाऱ्या मंडळाला मात्र तो आपल्याच परिसरातील संस्थेला देता येतो.

कागदपत्रांत सर्वाधिक वेळ बदल अहवालात जातो. विश्वस्त बदलला, निवर्तला किंवा त्याने राजीनामा दिला, तर नव्वद दिवसांत तो बदल कार्यालयाला कळवणे कलम २२ नुसार बंधनकारक आहे. थंडावलेल्या मंडळांत हे वर्षानुवर्षे झालेले नसते. परिणामी न्यास नोंदवहीच्या उताऱ्यावर अद्याप पहिल्या पिढीचीच नावे असतात आणि आज काम पाहणाऱ्यांचा अधिकार कागदावर सिद्ध होत नाही. विलंबाला सबळ कारण असेल, तर खर्चाची रक्कम भरून मुदत वाढवून मिळू शकते. एकही विश्वस्त हयात नसेल, तर न्यासात हितसंबंध असलेल्या व्यक्तींना कलम ४७ खाली नव्या विश्वस्तांच्या नियुक्तीसाठी अर्ज करता येतो. हिशेब तपासणीचे राहिलेले अहवालही पूर्ण करून द्यावे लागतात. व्यवहार शून्य असला, तरी शून्याचाच हिशेब हवा.

बँकेतील शिल्लक आणि जागा

दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार केला नाही, तर बँक ते खाते निष्क्रिय ठरवते. दहा वर्षे ते तसेच राहिले, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीकडे वर्ग होते. हा निधी २०१४ मध्ये सुरू झाला. रक्कम तेथे गेली तरी हक्क बुडत नाही. आपल्या बँकेमार्फत ती परत मागता येते. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'उद्गम' या संकेतस्थळावर संस्थांच्या नावानेही अशा ठेवींचा शोध घेता येतो.

खरी अडचण सह्यांची असते. खाते अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांपैकी दोघांच्या सहीने चालत असेल आणि त्यांतील एकच हयात असेल, तर बँक अधिकृत बदलाचा पुरावा मागते. म्हणूनच बदल अहवाल आधी आणि बँक नंतर, हा क्रम पाळावा. खाते सर्वांत शेवटी बंद करावे, कारण सर्व देणी आणि शिल्लक रकमेचे हस्तांतरण धनादेशानेच झालेले बरे.

जागेविषयी प्रथम मालकी तपासावी. खोली ग्रामपंचायतीची, नगरपरिषदेची किंवा देवस्थानची असेल, तर ती मंडळाची मालमत्ता नव्हे. ताबा लेखी परत करून पोच घेतली, की काम संपते. जमीन वा इमारत न्यासाच्या नावावर असेल, तर मात्र कलम ३६ लागू होते. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय तिची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीसपत्र करता येत नाही. बिगरशेती जमीन व इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक काळासाठी भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. द्रुतगती मार्ग आणि शेतघरांच्या मागणीमुळे या दोन तालुक्यांत जमिनीला जे मोल आले आहे, ते पाहता एका बंद खोलीखालची दोन गुंठे जागाही वादाचे कारण ठरू शकते.

नोंदणी नसलेले छंदगट

वाचनगट, गिर्यारोहकांचे कट्टे, शनिवार-रविवारी पटावरचे खेळ खेळणारे मित्र यांची नोंदणी बहुधा नसते. त्यांना अलिबागला जावे लागत नाही. तरी बंद होण्याची शिस्त त्यांनाही उपयोगी पडते.

टेबलाभोवती बसून खेळायचे भूमिकाखेळ हे याचे बोलके उदाहरण. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि त्यातून हा छंद जगभर पसरला. चार-सहा खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग रचतो, इतर सर्व पात्रे वठवतो आणि नियमांचा निवाडा करतो. एखादे साहस साधले की फसले, हे फासे ठरवतात. पट मांडला आणि डाव संपला, असे येथे होत नाही. एकच कथा महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. त्यामुळे सूत्रधाराची बदली झाली किंवा त्याचा उत्साह ओसरला, की गट मोडतो आणि पात्रे अर्ध्या वाटेवर थांबतात. कोणीही 'आता पुरे' असे म्हटलेले नसते. पुढच्या बैठकीची तारीख ठरलेली नसते, इतकेच. क्रीडा मंडळाच्या चिटणिसाचे आणि या सूत्रधाराचे स्थान एकच आहे.

अशा गटाने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, थांबत असल्याचे सर्वांना, न येणाऱ्यांनाही, स्पष्ट कळवावे आणि उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा. कदाचित दुसरा कोणी सूत्रे हाती घ्यायला तयार असेल. दुसरी, सामायिक पैशाचा हिशेब मांडून तो ठरल्याप्रमाणे परत करावा किंवा सर्वांच्या संमतीने दान करावा. पुस्तके आणि साहित्य कोणी आणले होते, ते पाहून परत द्यावे. तिसरी, शक्य असेल तर एक शेवटची बैठक घ्यावी. अर्धवट कथेला शेवट मिळतो आणि माणसे संकोच न बाळगता पुन्हा भेटू शकतात.

इतिहासातील एक धडा

संस्था कशी संपते, यावर तिच्यातून पुढे काय उगवते हे पुष्कळदा अवलंबून असते. मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेली परमहंस सभा गुप्तपणे चालत असे. दादोबा पांडुरंग यांच्यासारखी मंडळी तिच्यात होती आणि जातिभेदाविरुद्धची चर्चा बंद दाराआड होई. १८६० च्या सुमारास सभेचे दप्तर चोरीस जाऊन सदस्यांची नावे उघड झाली आणि सभा मोडली. तिला रीतसर निरोप मिळाला नाही. तरी तिच्यातील विचार संपला नाही. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, तेव्हा परमहंस सभेतील काही जण त्यात होते.

पुण्यातील उदाहरण निराळे आहे. १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेची सूत्रे १८९५ मध्ये टिळकांच्या बाजूकडे गेली. तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा ही स्वतंत्र संस्था काढली. माणसे जुन्या संस्थेतून बाहेर पडली, काम मात्र थांबले नाही.

दप्तराचे काय?

सर्व सोपस्कार झाल्यावरही कपाटात काही उरते. इतिवृत्ताच्या वह्या, रोकडवह्या, पावत्यांची स्थळप्रत, जडसंग्रहाची नोंदवही, स्पर्धांची छायाचित्रे आणि गंजलेले चषक. हिशेबाची कागदपत्रे काही वर्षे एका जबाबदार व्यक्तीकडे सुरक्षित ठेवावीत आणि ती कोणाकडे आहेत, याची नोंद शेवटच्या इतिवृत्तात करावी. वह्या आणि छायाचित्रे गावातील वाचनालयाला द्यावीत. कोणत्या साली कोणत्या वाडीचा संघ आला होता, कबड्डीचे मैदान कोणी सपाट केले, पहिला बोर्ड कोणी भेट दिला, हे इतर कोणत्याही दप्तरात सापडत नाही. रद्दीत गेलेली वही म्हणजे गावाच्या आठवणीतून गेलेली वीस वर्षे.

थोडक्यात क्रम असा ठेवावा. नोंदणी प्रमाणपत्र, नियमावली आणि न्यास नोंदवहीचा उतारा मिळवणे, सदस्य यादी आणि वर्गणी अद्ययावत करणे, राहिलेले बदल अहवाल व हिशेब पूर्ण करणे, विशेष सर्वसाधारण सभेत विसर्जनाचा आणि मालमत्ता कोणाला द्यायची याचा ठराव करणे, देणी फेडणे, स्थावर मालमत्ता असल्यास पूर्वमंजुरी घेणे, शिल्लक सोपवून पोच घेणे, धर्मादाय कार्यालयाकडून दोन्ही नोंदण्यांविषयी आदेश मिळवणे, वीजजोडणी आणि शेवटी बँक खाते बंद करणे. मालमत्ता मोठी असेल किंवा वादाची शक्यता असेल, तर आरंभीच वकिलाचा सल्ला घ्यावा.

हे सगळे करायला चार-पाच माणसांचे काही महिने लागतात. त्यांना त्याचा मोबदला नसतो आणि बहुधा कोणी आभारही मानत नाही. परंतु ज्या सात जणांनी एकेकाळी सह्या करून मंडळ उभे केले आणि ज्या अनेकांनी पाच-दहा रुपयांच्या पावत्या फाडल्या, त्यांचा हिशेब या कामाने चुकता होतो. त्यानंतर ती खोली उघडून आतले दोन कॅरम बोर्ड शाळेतल्या मुलांच्या हाती देताना कोणाची परवानगी घ्यायची, असा प्रश्न उरत नाही.